संध्याकाळी येणारा

सगळ्यात आधी मिराशीकाकांनी बाकावर सरकून शेजारी जागा केली.

त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. हॉलचं दार लोटलेलं होतं आणि बाहेर धुकं इतकं दाट होतं की व्हरांड्याच्या पायऱ्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. तरी काकांनी सरकून घेतलं, बाकावर पडलेली शाल उचलून मांडीवर घेतली आणि दाराकडे बघून ओळखीचं हसले. मग जुलेखाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. खिडकीजवळ बसलेल्या शिरगावकर आजी मघापासून मला घरी सोडा म्हणून रडत होत्या. त्या थांबल्या, नाक पुसलं, आणि म्हणाल्या, "आलास? किती उशीर केलास रे."

मी म्युझिक सिस्टिमजवळ उभी होते. फाटक वाजलं असं मलाही क्षणभर वाटलं होतं, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. फाटक बंद होतं. लोखंडी कडीला खालून पाण्याचे थेंब लोंबत होते. कुणी हात लावला असता तर ते गळून पडले असते.

मी परत आत आले तेव्हा हॉलमध्ये कुणीच रडत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा गाणी निवडून द्यायचं काम करत असे. असं काही काम असतं हे आमच्या घरी शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला काय वाजावं, जिममध्ये काय वाजावं, हे मी ठरवून द्यायचे. कोल्हापुरातल्या एका साडीच्या दुकानात दुपारी संथ गाणी लावली की बायका जास्त वेळ बसतात, हे मी मालकाला दाखवून दिलं होतं. दातांच्या दवाखान्यात सतार चालत नाही, तार खेचली की वाट बघणारी माणसं जबडा आवळतात, हेही मला माहीत झालं होतं. गाण्यांचा क्रम नीट लावला तर माणसाचं मन हवं तिकडे नेता येतं, अशी माझी तेव्हा खात्री होती.

त्या दवाखान्यातच डॉक्टर उपळेकरांची ओळख झाली. ते मेंदूविकाराचे डॉक्टर. पन्हाळ्यावर एका जुन्या बंगल्यात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घर चालवलं होतं. त्यांची अडचण होती ती दिवेलागणीची. दिवसभर बरी असलेली माणसं कातरवेळ झाली की बिथरायची. पुरुष चपला शोधायला लागायचे, बायकांना चुलीवर दूध ठेवून आल्यासारखं वाटायचं. प्रत्येकाला घरी जायचं असायचं, आणि कुठल्या घरी ते कुणालाच सांगता यायचं नाही. डॉक्टरांना झोपेच्या गोळ्या कमी करायच्या होत्या. तुमच्या गाण्यांनी काही होतं का बघा, म्हणाले. पावसाळाभर मी तिथेच राहायचं ठरलं. बंगल्यामागच्या खोलीत माझी सोय झाली.

सकाळ सोपी गेली. अंघोळीच्या वेळी काय, जेवताना काय, हेही जमलं. प्रत्येकाच्या घरच्यांना विचारून मी त्यांच्या तरुणपणची गाणी मिळवली आणि ज्याची त्याला ऐकवली. जुलेखाबी मिरजेला शाळेत शिकवायच्या. त्यांना मी कव्वाली ऐकवली तेव्हा त्यांनी सबंध कव्वाली शब्द न चुकता म्हटली, आणि मग मला विचारलं की मी कुठल्या इयत्तेत आहे. पण कातरवेळ काही जमेना. आनंदी गाण्यांनी माणसं चिडायची, दुःखी गाण्यांनी रडायची, बासरी लावली तर उठून चालायला लागायची.

सगळ्यात जास्त चालायच्या त्या विमलबाई माईणकर. सांगलीच्या. अंगाने बारीक, चेहरा रेखीव, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बांगड्या काढायला गेलं की त्या हात मागे घ्यायच्या, म्हणून कुणी काढल्या नव्हत्या. दिवे लागले की त्या व्हरांड्यातून फिरत प्रत्येक दार ठोठावायच्या, आत डोकावून मोठ्याने नावं घेऊन हाका मारायच्या. आमच्या मदतनीस आक्काताई त्यांच्या मागून फिरून थकून जायच्या.

त्यांचा मुलगा विद्याधर पुण्याला इंजिनियर होता. मी गाण्यांसाठी फोन केला तेव्हा त्याचा आवाज फुलला. वडील सांगलीतले नावाजलेले वकील, आणि गाण्याचे दर्दी. दर शनिवारी संध्याकाळी घरी बैठक असायची, मिरजेला आलेले गवई त्यांच्याकडे गाऊन जायचे. ध्वनिमुद्रणाचं मशीन हा कॉलेजात असताना स्वतः चालवायचा. त्या सगळ्या टेपा त्याने जपून ठेवल्या होत्या, नुकत्याच संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्याने त्या सगळ्या मला पाठवल्या. आईला काहीही ऐकवा, म्हणाला, पण बाबांच्या बैठकीतलं ऐकवा.

त्यातलाच एक पूरियाधनाश्री, संध्याकाळचा राग, मी निवडला. गाणारे कुणी वयस्कर गृहस्थ होते, नाव विद्याधरलाही आठवत नव्हतं. आवाज किंचित बसलेला, घाई अजिबात नाही. संध्याकाळच्या गाण्यांत मी तो तिसरा ठेवला. आणि तो पहिल्यांदा वाजला त्याच दिवशी मिराशीकाकांनी बाकावर जागा केली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. पहिली दोन गाणी होईपर्यंत रडारड, चपला शोधणं, आणि मग एकदम सगळे दाराकडे वळायचे. काका सरकून बसायचे. आजी कुणाला तरी उशीर केल्याबद्दल रागवायच्या. जुलेखाबी हळूच अब्बा म्हणायच्या आणि मान खाली घालून हसायच्या. मग गाणं सुरू असेपर्यंत सगळी माणसं, घरात पाहुणा आल्यावर बसावीत तशी बसून राहायची.

विमलबाईंचं तर डॉक्टरांना फार कौतुक वाटलं. त्या येरझाऱ्या घालता घालता थांबायच्या, जवळच्या खुर्चीवर बसायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि जेवणाची वेळ होईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. रोजच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे 'शांत' असं लिहिलं जाऊ लागलं. मी फोनवर विद्याधरला सांगितलं, तर त्याने ते मला परत एकदा सांगायला लावलं.

पण काम करणाऱ्या बायका घाबरायला लागल्या होत्या. आक्काताईंनी मला एकदा मागच्या खोलीत गाठलं.

"ताई, कोणतरी येतंय बघा हितं," त्या म्हणाल्या. "फाटक वाजतंय. मी रोज जाऊन बघते, कुणी न्हाई. आणि काल त्यो बोलला."

काय बोलला, मी विचारलं.

"शब्द न्हाई कळला. बाप्याचा आवाज. घरात शिरताना बाईमाणसाला हाक देत्यात, तशी."

मी हसून सोडून दिलं. पण रात्रपाळीला येणाऱ्या एका बाईने काम सोडलं. आमच्या सिस्टर फिलोमिना बारदेस्कर आजऱ्याच्या, तिथल्या कारभारावर त्यांचीच नजर असायची. त्या असल्या गोष्टी मानत नव्हत्या. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. त्या संध्याकाळी कुलूप असतानाही फाटक वाजलं. मी स्वतः ऐकलं. सिस्टरांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी कमरेची किल्ली चाचपून पाहिली आणि क्रुसाची खूण केली.

आता मलाही संध्याकाळ नकोशी झाली. दिवस मावळायला लागला की धुकं थेट व्हरांड्यात यायचं, हॉलमधले दिवे पिवळट दिसायचे. तिसरं गाणं जवळ आलं की माझे खांदे आखडायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की त्या म्हाताऱ्यांबरोबर मीही माझी खुर्ची थोडी बाजूला ओढली होती. वाटेत येऊ नये म्हणून. कुणाच्या, ते मी स्वतःला विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी पावसाने वीज गेली. दिवे बॅटरीवर लागले, पण म्युझिक सिस्टिम बंदच राहिली. आम्ही सगळे वाट बघत बसलो. फाटक वाजलं नाही. मिराशीकाकांनी जागा करून ठेवली होती. ते बऱ्याच वेळाने परत मध्ये सरकले आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. शिरगावकर आजी रडायला लागल्या. विमलबाई उठल्या आणि सगळी दारं ठोठावत निघाल्या.

"आज आला न्हाई त्यो," आक्काताई म्हणाल्या.

मी बंद पडलेल्या सिस्टिमकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून ती टेप अगदी सुरुवातीपासून ऐकली. निवडताना मी गाणं ऐकलं होतं. गाण्याच्या आधीचा भाग कुणी ऐकत नाही.

आधी नुसती खरखर. मग दूर आतल्या बाजूला भांड्यांचा आवाज. कुणी बाई काम करता करता गुणगुणत होती. एक मुलगी हसली, काहीतरी बोलली, परत हसली. मग फाटकाची कडी वाजली. फरशीवर पावलं आली, चपला काढल्याचा आवाज आला, कुणीतरी घसा खाकरला. आणि पुरुषाचा आवाज, अगदी साधा, दिवसभराचं काम संपवून आलेल्या माणसाचा: "आलो गं."

त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ नुसती खरखर, आणि मग तंबोरा.

मला इतकं हायसं वाटलं की मी एकटीच हसले. विद्याधरने मशीन बैठकीच्या आधीच चालू करून ठेवलं होतं आणि वडील कोर्टातून घरी आल्याचा आवाज टेपेत आला होता, इतकंच. दोन गाण्यांमधल्या शांततेत, स्पीकरमधून, पावसाच्या आवाजात तो आमच्याच फाटकासारखा वाटत होता. घरी जायचंय म्हणून रडणाऱ्या माणसांना घरी कुणीतरी आल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि ज्याला जो हवा तो दारातून येत होता. काकांना भाऊ, आजींना मुलगा, जुलेखाबींना वडील.

डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. याच्यावर लिहायला हवं, म्हणाले. तेवढा भाग अजिबात काढायचा नाही. सिस्टरांनी कुलूप काढलं. आक्काताईंना मी हेडफोन लावून ते ऐकवलं. त्यांनी ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"आवाज टेपातला असंल," त्या म्हणाल्या. "पण येतंय कोणतरी. बघा की त्यांच्या तोंडाकडं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं तसं बघत नव्हते, कारण मला सगळं समजलं होतं.

काही दिवसांनी सिस्टर फिलोमिनांनी मला आणि डॉक्टरांना विमलबाईंचं पोलकं दाखवलं. खांद्यावरून उतरत होतं. त्या सकाळी नीट खायच्या, दुपारीही थोडं खायच्या, पण रात्रीचं ताट तसंच परत जायचं. तोंडाशी घास नेला तर ओठ घट्ट मिटायच्या. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोय, या अवस्थेत गिळणं विसरतात. नाकातून नळी घालावी लागेल की काय असं त्यांनी बोलून दाखवलं, आणि मुलांना बोलवा म्हणाले.

विद्याधरला तातडीने येणं जमत नव्हतं. बहीण आली. हेमलता, बेळगावला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पन्नाशीच्या पुढची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. दुपारी आली तीच धुक्याला नावं ठेवत, आणि फाटकापासून हॉलपर्यंत येईतो तिचं हसणं सगळ्या बंगल्याला ऐकू आलं. विमलबाईंनी तिला ओळखलं नाही. बाई, तुम्ही लांबून आलात, बसा, म्हणाल्या. हेमलताने ते मनाला लावून घेतलं नाही. आईच्या केसांना तेल लावलं, सगळ्यांसाठी आणलेला कुंदा वाटला, मिराशीकाकांशी भांडण होईल इतका वाद घातला. मला ती आवडली.

संध्याकाळी मी तिला हॉलमध्ये थांबायला सांगितलं. तुमच्या वडिलांच्या गाण्याने आई किती शांत होते ते बघा, म्हटलं. टेपेतल्या त्या आवाजाचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिला अचानक ऐकू यावं, बरं वाटावं, असा माझा विचार होता.

पहिली दोन गाणी झाली. हेमलता खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसली होती, फोनवर कुणाला तरी निरोप लिहीत होती. विमलबाई दारं ठोठावून नुकत्याच हॉलमध्ये आल्या होत्या. दुसरं गाणं संपलं. खरखरीत लांबवर एक मुलगी हसली. कडी वाजली.

विमलबाई बसल्या. बसता बसता त्यांनी उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सरकवल्या, कोपराच्या अलीकडे, जिथे त्या घट्ट बसतात आणि वाजत नाहीत. मग डाव्या हाताने उजव्या. हे त्या रोजच करत असणार. मी ते पाहिलं कारण त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवर हेमलताने पाय खाली घेतला होता, फोन उलटा करून मांडीखाली ठेवला होता, आणि तीही आपल्या हातातल्या बांगड्या वर सरकवत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघींची पाठ ताठ होती, नजर जमिनीवर होती, आणि दोघी श्वास घेताहेत की नाही ते कळत नव्हतं.

"आलो गं," स्पीकरमधून आवाज आला.

बाकी सगळे हसतमुखाने दाराकडे बघत होते.

हेमलता माझ्याकडे आली ती पावलं न वाजवता. तिने माझं मनगट धरलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग कुजबुजत म्हणाली, "बंद करा ते."

मी बंद केलं. आम्ही व्हरांड्यात गेलो. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ कुजबुजतच बोलत होती. मग तिचं तिलाच लक्षात आलं, तिने घसा साफ केला.

"मारायचे नाहीत हो ते," ती म्हणाली. "हात कधी उगारला नाही त्यांनी. लोकांना सांगायला काही नाही आमच्याकडे. त्यांना आवाज चालायचा नाही. एवढा गाण्यातला माणूस, त्यांच्या कानाला बाकी काही सहनच व्हायचं नाही. भांडं वाजलं, कुणी हसलं, आईच्या बांगड्या वाजल्या, की ते ताटावरून उठायचे. बोलायचे काही नाहीत. नुसतं उठायचे. मग घरात कुणी जेवायचं नाही. दुसऱ्या दिवशीही बोलायचे नाहीत, पुढेही नाहीत. आई वाट बघायची की कधी बोलतील. एकदा तर ती गौरी गणपती झाले, दिवाळी झाली, तरी वाट बघत होती."

टेपेत ऐकू आलेली गुणगुणणारी बाई कोण ते मी विचारलं नाही. हेमलताच म्हणाली, "आणि ती हसणारी मुलगी आहे ना, ती मी."

मी खोलीत जाऊन परत एकदा ती टेप ऐकली. गुणगुणणं कुठे थांबतं ते या वेळी मी लक्ष देऊन ऐकलं. कडी वाजली त्या क्षणी, ओळीच्या मधोमध. शब्द अर्धा राहिला होता. त्यानंतरची जी शांतता मला बैठकीची वाटली होती, ती तीन माणसांनी मिळून पाळलेली होती. त्यांतलं एक मशीनपाशी बसलं होतं आणि त्याला ती आजतागायत ऐकू आली नव्हती.

त्या रात्री हेमलताचं विद्याधरशी फोनवर बोलणं झालं. बाबांचा आवाज आईपासून तोडू नका, तिच्याजवळ तेवढंच उरलंय, असं तो म्हणत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. मी सुरुवातीचा तुकडा कापून टाकला. मिराशीकाकांनी तरी सवयीने जागा केली. आक्काताई जाऊन तिथे बसल्या, तर त्यांनी त्यांना खुशाल आपली शाल दिली. शिरगावकर आजी दोन-चार दिवस रडल्या, मग विसरल्या.

पण विमलबाईंचा येणारा थांबला नाही. आता कडी वाजत नव्हती, त्यामुळे तो कधी येईल ते त्यांना कळेना. त्या दिवस कलायला लागला की बांगड्या वर सरकवून खुर्चीवर बसायच्या आणि दाराकडेसुद्धा बघायच्या नाहीत. दार त्यांना पाठीतून कळत असावं. मागून कुणी चालत गेलं तरी त्यांच्या मानेवर काटा आलेला दिसायचा. रात्री ताट तसंच परत जायचं. आता मलाही आक्काताईंचं म्हणणं पटलं होतं. येत होतं कुणीतरी.

त्या घरात एक नियम होता, डॉक्टरांनी घालून दिलेला. गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं तर तो गेला असं सांगायचं नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी तो दर वेळी नव्याने मरतो. गावाला गेलाय, येईल, असं सांगायचं. आम्ही सगळे तो नियम पाळत होतो. विमलबाईंनाही आजवर सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. येतील हं, येतीलच आता.

हेमलता परत जायच्या आदल्या संध्याकाळी आईसमोर जमिनीवर बसली. समोर ताट होतं, वरणभात, तूप, लिंबाची फोड. तिने आईचे दोन्ही हात धरले.

"आई, ते येणार नाहीत," ती म्हणाली.

विमलबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"आई, ते गेले."

"कुठे?"

"वारले ते. खूप दिवस झाले."

सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि थांबल्या. विमलबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पुढे वाकून अगदी बारीक आवाजात विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी होते तिथे. मी पाहिलंय."

त्या रडल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास सोडला, आणि तो इतका लांब होता की तो कधीपासून आत धरला असेल याचा मला अंदाज येईना. हात सैल पडले तशा बांगड्या घसरून मनगटावर आल्या आणि वाजल्या. त्यांनी दचकून बांगड्यांकडे पाहिलं. कुणी उठून गेलं नाही. मग त्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "अजून वाढा थोडा."

नळीची गरज पडली नाही. पण सकाळी उठल्या तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं, आणि दिवस कलला तशा त्या परत खुर्चीवर ताठ बसल्या. हेमलताची बेळगावची गाडी दुपारीच गेली होती.

मग मी सांगायला लागले. संध्याकाळच्या गाण्यांच्या आधी त्यांच्यासमोर बसायचं, हात धरायचे आणि सांगायचं की माईणकर वकील वारले. डॉक्टर म्हणाले, हे मला माहीत नाही असं समजा. दर संध्याकाळी त्या ती बातमी पहिल्यांदा ऐकायच्या. दर संध्याकाळी नक्की का ते विचारायच्या. त्यानंतर काय बोलतील ते मात्र रोज वेगळं असायचं. एकदा म्हणाल्या, मग आज जेवायला उशीर झाला तरी चालेल. एकदा खिडकी उघडायला सांगितली. एकदा त्यांना हसू आलं आणि त्यांनी पदराने तोंड झाकलं. एकदा रडल्या, खूप रडल्या, आणि मला म्हणाल्या की गाण्याला दाद फार छान द्यायचे हो. त्या दिवशीही जेवल्या.

दिवाळीनंतर माझं काम संपलं. जायच्या आधीच्या संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर बसले. पाऊस कधीच संपला होता, फाटकापर्यंतची वाट स्वच्छ दिसत होती. मी त्यांचे हात हातात घेतले.

"विमलबाई, एक सांगायचं होतं."

"ते गेले, तेच ना?" त्या म्हणाल्या.

त्यांची नजर स्थिर होती, ओळखीची होती. इतके दिवस त्या खुर्चीत कोण बसलं होतं आणि त्याला काय काय ठाऊक होतं, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं, आणि अजूनही येत नाही.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. सांगा."

मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"लावा आता काय लावायचं ते," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं लावा."